पाळण्यांतले पाय

मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात ही म्हण आपण इतक्या वेळां ऐकलेली असते कीं खरोखर पाळण्यांत डोकावून ते पाय पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. म्हण निघते ती मूल मोठें होऊन नांव मिळविल्यावर. ज्यांचे पाय पाळण्यांत फार सुरेख दिसले होते आणि जीं पुढें कोठेंच पोंचलीं नाहींत, त्या मुलांपुढें ती कोणी काढीत नाहीं. परंतु या म्हणीच्या खरेपणावर पगार घेणारा, आणि ती खोटी ठरली तर नोकरीस मुकणारा, असा माणसांचा एक वर्ग अमेरिकेंत आहे. बेसबॉलच्या धंदेवाईक संघांनीं पदरीं बाळगलेले हे पारखी गांवोगांव हिंडतात, शाळकरी मुलांचे सामने पाहतात, आणि हा मुलगा आणखी पांच-सहा वर्षांनीं कसा खेळेल तें आज आंकड्यांत लिहून देतात.

या वर्गाविषयीं मला जें कुतूहल आहे त्याचें मूळ खेळांत फारसें नाहीं. मी अठ्ठावीस वर्षें कॉलेजांत शिकवीत आहें. जून उजाडला कीं सतरा-अठरा वर्षांचीं मुलें गुणपत्रिका घेऊन माझ्यापुढें उभीं राहतात. आणि एका लहानशा शिष्यवृत्ति-निधीच्या समितीवर असल्यामुळें त्यांतल्या दोघांतिघांचें पुढचें शिक्षण माझ्या सहीवर अवलंबून असतें. जगांत दुसरें कोणी हेंच काम करीत आहे, आणि आमच्यापेक्षां अधिक पद्धतशीरपणें करीत आहे, असें कळल्यावर त्याच्या वहींत डोकावून पाहावेंसें वाटणें साहजिक आहे.

ज्यांना हा खेळ परिचित नाहीं त्यांनीं एक उघडलेला जपानी पंखा डोळ्यांपुढें आणावा. पंख्याच्या मुठीपाशीं फलंदाज उभा असतो. पंख्याच्या पोटांतून, ६० फूट ६ इंचांवरून, पिचर त्याला चेंडू टाकतो. आणि पंख्याच्या पार कडेला तीन खेळाडू विखुरलेले असतात. हे आउटफील्डर. आपल्या क्रिकेटच्या भाषेंत बोलायचें तर लाँग-ऑन आणि लाँग-ऑफ यांचे हे कायमचे रहिवासी. त्यांतला मधला, म्हणजे सेंटरफील्डर, सर्वांत अधिक धांवतो. उजवीकडच्याचा हात बळकट लागतो. आणि डावीकडचा पुष्कळदां केवळ आपल्या फलंदाजीच्या पुण्याईवर तेथें उभा असतो.

मुलें संघांत वांटून घेण्याच्या समारंभास ड्राफ्ट म्हणतात. तो १९६५ सालीं सुरू झाला. त्यापूर्वीं ज्याची थैली जड तो संघ चांगला मुलगा उचलून नेई. आतां संघ पाळीपाळीनें एकेक नांव पुकारतात, आणि आदल्या वर्षीं जो तळाशीं राहिला त्याची पाळी आधीं, असा साधारण न्याय आहे. २०२३ पासून पहिल्या कांहीं पाळ्या सोडतीनें ठरवितात. ज्याचें नांव पुकारलें गेलें त्या शाळकरी मुलानें त्या संघाशीं करार तरी करावा किंवा कॉलेजची वाट धरावी. अठराव्या वर्षीं एका बाजूला लाखों डॉलर आणि दुसऱ्या बाजूला पदवी, असा हा पेंच आहे. पूर्वीं हा समारंभ जूनमध्यें होत असे, २०२१ पासून तो जुलैंत होतो. म्हणजे कित्येक वर्षें त्यांची यादी आणि आमची यादी एकाच महिन्यांत लागत होती.

पारखी मुलाच्या पांच गोष्टी पाहतो: धांवणें, फेंकणें, झेलणें, चेंडूला बॅट लावणें आणि लागलेला चेंडू दूर धाडणें. प्रत्येकीला २० पासून ८० पर्यंत गुण. ५० म्हणजे मध्यम. पण कोणांतला मध्यम? शाळकरी मुलांतला नव्हे, तर मेजर लीग या सर्वांत वरच्या दर्जाच्या स्पर्धेंत खेळणाऱ्या कसलेल्या खेळाडूंतला. त्यामुळें ज्याच्यासारखा दुसरा पंचक्रोशींत नाहीं अशा मुलालाहि फलंदाजीचे आज ३० च गुण मिळतात, आणि त्यांत त्याचा अपमान नसतो. मात्र या आंकड्याच्या शेजारीं दुसरा रकाना असतो: पुढें किती? तेथें ३० च्या शेजारीं ६० लिहिले म्हणजे पारख्यानें आपली अब्रू त्या मुलावर गहाण टाकली.

मला हा दुसरा रकाना फार आवडतो. आमच्या गुणपत्रिकेंत तो नाहीं. आम्ही एकच आंकडा देतों आणि तो झालेल्या अभ्यासाचा आहे असें म्हणतों. विद्यार्थी, त्याचा बाप आणि पुढचें कॉलेज मात्र तो भविष्य म्हणूनच वाचतात. पारखी निदान कबूल करतो कीं एक आंकडा डोळ्यांनीं पाहिलेला आहे आणि दुसरा मनानें.

पांचांपैकीं धांवणें आणि फेंकणें यांचा निकाल सोपा. फलंदाजाच्या जागेपासून पहिल्या टप्प्यापर्यंत ९० फूट. उजव्या हाताचा फलंदाज तें अंतर ४.३ सेकंदांत काटील तर मध्यम, ४ सेकंदांत काटील तर उत्तम. झेलणें बरेंचसें शिकवितां येतें. अडतें तें बॅट लावण्यापाशीं. वरच्या दर्जाचा पिचर ताशीं ९० मैलांहून अधिक वेगानें चेंडू टाकतो, आणि तो फलंदाजापर्यंत यायला सुमारें ०.४ सेकंद लागतात. शाळेंतल्या मुलानें असा चेंडू क्वचितच पाहिलेला असतो. शिवाय शाळेंत बॅट ॲल्युमिनियमची. मुठीजवळ वेडावांकडा लागलेला चेंडूहि तिच्यावरून टणत्कार करीत मैदानांत जाऊन पडतो. धंदेवाईक खेळांत तोच चेंडू लांकडी बॅटीचे दोन तुकडे करतो. म्हणून शाळेच्या नोंदवहींतले भरघोस आंकडे पारखी एकदां वाचून बाजूला ठेवतो आणि मुलाचीं मनगटें किती झटकन् फिरतात तें पाहात बसतो. अलीकडे कॅमेरे आणि रडार लावून चेंडू बॅटीवरून किती वेगानें सुटला तेंहि मोजतात. पहिला रकाना त्यामुळें पूर्वींपेक्षां पुष्कळ अचूक झाला आहे. दुसऱ्यास त्याचा किती उपयोग झाला याविषयीं मी साशंक आहें.

हे लोक काम करतांना मीं एकदांच पाहिले. माझी धाकटी बहीण गेलीं वीस वर्षें न्यू जर्सींत आहे. तिचा मुलगा तेथील शाळेच्या संघांत खेळे, तोहि आउटफील्डांत. एका एप्रिलमध्यें मी तिच्याकडे गेलों असतां त्याचा सामना पाहण्यास आम्ही दोघें गेलों. हवा अशी कीं प्रेक्षकांनीं गुडघ्यांवर घोंगड्या घेतल्या होत्या. फलंदाजामागील जाळीच्या पाठीशीं घडीच्या खुर्च्या टाकून चारपांच प्रौढ गृहस्थ बसले होते. कोणाच्या हातीं थांबवितां येणारें घड्याळ, कोणाच्या हातीं चेंडूचा वेग मोजणारें पिस्तुलासारखें यंत्र. ते टाळी वाजवीत नव्हते कीं हळहळत नव्हते. प्रतिपक्षांतील एक उंच मुलगा फलंदाजीस आला तेव्हां सर्वांच्या माना एकदम वर झाल्या. चेंडू बॅटला लागला तसे आम्ही सारे चेंडूकडे पाहूं लागलों. ते घड्याळाची कळ दाबून मुलाच्या पायांकडे पाहात होते. पुढच्या खेपेस तो मुलगा तीन वेळां हवेंत बॅट फिरवून बाद झाला. इतरांनीं वह्या मिटल्या. त्यांतला एक पिकल्या केसांचा गृहस्थ मात्र तो मुलगा बांकापर्यंत चालत जाऊन, शिरस्त्राण उतरवून खालीं ठेवीपर्यंत त्याच्यावरून दृष्टि काढीना.

बहिणीनें मला हळूच विचारलें, “दादा, त्यांच्यांतला एक तरी आपल्या मुलाकडे बघतोय का रे?”

मीं म्हटलें, “नाहीं.”

“बरं झालं,” ती म्हणाली. “म्हणजे आतां तो निमूट कॉलेजांत जाईल.” पण सामना संपेपर्यंत ती त्या खुर्च्यांकडेच पाहात होती.

पारख्यांची विद्या कशी आहे याचा नमुना पाहायचा तर २००९ सालचा ड्राफ्ट पाहावा. त्या वर्षीं तिसऱ्या पाळीस सॅन डिएगो पाद्रेस या संघानें जॉर्जिया संस्थानांतील डोनव्हन टेट या हायस्कुली आउटफील्डरचें नांव पुकारलें. देह म्हणाल तर घडविलेला. फुटबॉलहि असा खेळे कीं त्या खेळासाठींहि एक मोठें विद्यापीठ त्याला घ्यावयास तयार होतें. बाप धंदेवाईक फुटबॉल खेळलेला. खाण तशी माती, या न्यायानेंहि हें स्थळ उत्तमच. त्याला कराराचे ६२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. त्याच दिवशीं, बऱ्याच उशिरां, लॉस एंजेलिसच्या एंजल्स संघाच्या लागोपाठ दोन पाळ्या आल्या, आणि दोन्ही वेळां त्यांनीं हायस्कुली आउटफील्डरच निवडले. चोविसावा टेक्ससचा रँडल ग्रिचक. पंचविसावा न्यू जर्सींतील मिलव्हिल गांवचा माइक ट्राउट. या पंचविसाव्याला १२ लाख १५ हजार डॉलर मिळाले, म्हणजे तिसऱ्याच्या पांचव्या हिश्शाहूनहि कमी.

टेट मेजर लीगचा एकहि सामना खेळला नाहीं. शस्त्रक्रिया, अपघात, दुखापती यांची मालिका करारापाठोपाठच सुरू झाली. ग्रिचक २०१४ सालीं वर पोंचला आणि तेथें चांगला टिकला. पण ‘ट्राउटच्या आधीं ज्याचें नांव पुकारलें तो’ ही त्याची ओळख कांहीं पुसली नाहीं. ट्राउट २०१४, २०१६ आणि २०१९ अशा तीन वर्षीं आपल्या लीगचा सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला.

मग चोवीस नांवें होईपर्यंत ट्राउट राहिला कसा? न्यूयॉर्कजवळच्या ज्या स्टुडिओंतून हीं नांवें पुकारलीं जात होतीं, तेथें जातीनें येऊन बसलेला तो एकटाच मुलगा होता. आणि बराच वेळ बसून राहिला. कारणें ऐकलीं म्हणजे पारख्यांना मूर्ख म्हणवत नाहीं. न्यू जर्सी थंड मुलूख. कॅलिफोर्नियांत किंवा टेक्ससांत मुलें जवळजवळ बारा महिने खेळतात, येथें पाऊस आणि गारठा यांतून वसंतांतले कांहीं आठवडे हातीं लागतात. प्रतिस्पर्धी पिचर बेताचे. शेवटच्या वर्षीं त्यानें १८ होमरन मारले, म्हणजे अठरा वेळां चेंडू कुंपणापलीकडे धाडला, आणि त्याच्या संस्थानांत तो शालेय विक्रम ठरला. पण असल्या आंकड्यांना पारख्याच्या लेखीं काय किंमत तें वर सांगितलेंच आहे. आणि मुख्य म्हणजे तो आउटफील्डर होऊन एकच वर्ष झालें होतें. त्याआधीं तो शॉर्टस्टॉपच्या जागीं खेळे आणि पिचिंग करी. ज्या जागेसाठीं त्याला घ्यायचें त्या जागीं त्याला फारसें कोणीं पाहिलेंच नव्हतें.

एंजल्सच्या ग्रेग मोरहार्ट या पारख्यानें मात्र त्याचा पिच्छा सोडला नाहीं. मोरहार्ट पूर्वीं मिनेसोटा ट्विन्सच्या खालच्या दर्जाच्या संघांत मुलाच्या बापाबरोबर खेळलेला होता. बाप वर पोंचला नाहीं. पुढें मिलव्हिलच्या शाळेंत इतिहास शिकवूं लागला. अर्थात् या पारख्यानें जी खाण पाहिली होती ती यशाची नव्हती. अनेक वर्षें कष्ट करून वरची पायरी न गांठलेला, तरी न चिडलेला माणूस त्यानें पाहिला होता. मला ही गोष्ट त्या ४ सेकंदांच्या धांवेपेक्षां महत्त्वाची वाटते. पण ती लिहायला त्याच्या वहींत रकाना नव्हता.

यालाच जोडून १९८० सालची हकीकत सांगितली पाहिजे. न्यूयॉर्क मेट्सनीं त्या वर्षीं पहिल्या फेरींत दोन हायस्कुली आउटफील्डर घेतले, दोघेहि कॅलिफोर्नियाचे. साऱ्या ड्राफ्टांत पहिला डॅरिल स्ट्रॉबेरी, आणि तेविसावा बिली बीन. जुन्या पारख्यांच्या बोलण्यांत ‘चांगला चेहरा’ असा एक शेरा असे. आपल्याकडे वधूपरीक्षेंत ‘नाकीं डोळीं नीटस’ म्हणतात त्याच जातीचा. फरक एवढाच कीं तो मिशीच्या वाटेवर असलेल्या मुलांना लावीत. बीनला तो शेरा मिळालेला होता, आणि पांचहि गोष्टी त्याच्या ठायीं होत्या. स्ट्रॉबेरीनें मेजर लीगमध्यें ३३५ होमरन मारले. बीन १९८४ ते १९८९ या काळांत चार संघांतून मिळून १४८ सामने खेळला, ३ होमरन मारले, आणि त्याची फलंदाजीची सरासरी हजारीं २१९ भरली. हा खेळ असा आहे कीं उत्तम फलंदाजहि दहांपैकीं सात वेळां फसतो. हजारीं ३०० म्हणजे मान ताठ ठेवण्याजोगी कमाई. २१९ वर मात्र कोणी फार दिवस पोसत नाहीं.

त्या २१९ च्या शेजारीं मी आणखी एक आंकडा मांडतों. ट्राउट २०११ च्या जुलैंत, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, प्रथम वर गेला. त्या हंगामांत तो ४० सामने खेळला. सरासरी हजारीं २२०. पुढच्या वर्षाचा आरंभहि त्यानें खालच्या दर्जांतच केला. एप्रिलच्या अखेरीस त्याला पुन्हां वर बोलावलें, आणि २०१२ चा हंगाम संपला तेव्हां ३२६ ची सरासरी, ३० होमरन, ४९ चोरलेले टप्पे आणि १२९ धावा त्याच्या नांवावर होत्या.

एकाचे २१९, दुसऱ्याचे २२०. दोघेहि हायस्कुली आउटफील्डर, दोघेहि पहिल्या फेरींतले, दोघांच्याहि वह्यांत दुसरा रकाना घसघशीत. एकाचा तो आयुष्याचा हिशेब झाला, दुसऱ्याचा एका उन्हाळ्याचा. अठराव्या वर्षीं हायस्कुलांतील जो मुलगा ड्राफ्टच्या पहिल्या फेरींत येतो तो तोंवर खऱ्या अर्थानें कधीं फसलेलाच नसतो. फसला असता तर पारखी आलेच नसते! त्यामुळें फसल्यावर हा काय करील, या एका प्रश्नाचें उत्तर त्यांच्यापाशीं नसतें. आणि पुढें सारें त्या एका उत्तरावर चालतें. तीन वेळां हवेंत बॅट फिरवून परतणाऱ्या मुलाकडे पाहात बसलेला तो पिकल्या केसांचा गृहस्थ बहुधा त्याचीच वाट पाहात असावा. तुटपुंजा पुरावा खरा, पण दुसरा कोठून आणावा?

बीननें यावर एक तोडगा काढला. तो पुढें पारखी झाला आणि १९९७ सालीं ओकलंड ॲथलेटिक्स संघाचा कारभारी. मायकेल लुईस यांनीं ‘मनीबॉल’ या २००३ सालच्या पुस्तकांत त्याची ही कारकीर्द वर्णिली आहे. २००२ च्या ड्राफ्टांत त्याच्या संघाच्या वांट्याला पहिली फेरी आणि तिची पुरवणी मिळून सात पाळ्या आल्या. सातहि वेळां त्यांनीं कॉलेजांतला खेळाडू घेतला. एकविशीचा मुलगा बऱ्या पिचरांपुढें उभा राहिलेला असतो, फसलेला असतो, आणि फसल्यानंतरचे त्याचे आंकडेहि उपलब्ध असतात, हा विचार बिनतोड आहे. तरीहि तो मला पुरता पटत नाहीं. हाच नियम सर्वांनीं पाळला असता तर १९८७ सालीं सिअॅटलनें केन ग्रिफी धाकटा याला हायस्कुलांतून पहिल्या पाळीस उचललें नसतें, आणि ट्राउट पंचविसाव्या जागींहि दिसला नसता. आपल्यासारख्या मुलाची परीक्षाच करायची नाहीं, असें ठरविणारा माणूस परीक्षक म्हणून सुरक्षित राहतो, एवढेंच. मुलाचें त्यांत काय होतें हा प्रश्न तसाच राहतो.

सुरक्षिततेचा विषय निघाला म्हणून सांगतों. ट्राउटला निवडलें तेव्हां एंजल्सच्या पारख्यांचे प्रमुख एडी बेन होते. २०१० चा हंगाम संपल्यावर त्यांना नोकरीवरून काढण्यांत आलें. पेरलेलें वर यायला दोन-तीन पावसाळे लागतात, आणि मालकाचा हिशेब वर्षाकांठीं होतो.

आमच्या समितीची मुलाखत पंधरा मिनिटांची असते. मुलें आपलीं बक्षिसें सांगतात. आम्ही माना डोलावतों. गेलीं दोन वर्षें मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारतों: “कोणत्या गोष्टींत तुला हार खावी लागली, आणि दुसऱ्या दिवशीं तूं काय केलेंस?” बहुतेकांना उत्तर सुचत नाहीं. त्याबद्दल मी गुण कापीत नाहीं, कारण सतराव्या वर्षीं हार न खाणें हा कांहीं अपराध नव्हे. त्यांच्या अर्जाच्या कडेला तेवढी जागा मोकळी राहते. माझे सहकारी यास माझा बेसबॉल म्हणतात.

डोनव्हन टेटची हकीकत टेटच्या दुखापतींपाशींच संपत नाहीं. २०१७ सालीं, सव्वीस वर्षांचा असतांना, त्यानें ॲरिझोना विद्यापीठांत नांव घातलें आणि तेथल्या फुटबॉल संघांत दाखल झाला. तिसऱ्या पाळीचा तो मुलगा आठ वर्षांनंतर, आपल्याहून आठ वर्षांनीं लहान मुलांच्या शेजारीं, पहिल्या वर्षाच्या वर्गांत जाऊन बसला. त्या वेळीं त्याच्या पांच गोष्टींना कोणीं किती गुण दिले असते मला ठाऊक नाहीं. असा विद्यार्थी माझ्या वर्गांत आला असता तर हजेरी घेतांना मीं त्याचें नांव इतरांच्या नांवासारखेंच उच्चारलें असतें. आणि पहिली चांचणी परीक्षा झाल्यावर, तो आपली उत्तरपत्रिका घेऊन बांकाकडे परत कसा जातो, तें मात्र मीं नक्की पाहिलें असतें.